स्वतःची वाट पाडणारा स्क्रू

लोखंडाचे दोन पत्रे स्क्रूने जोडायचे तर तीन कामे करावी लागतात. पत्र्यांना भोक पाडायचे, त्या भोकात आटे पाडायचे आणि मग स्क्रू पिळून घट्ट बसवायचा. जुन्या पद्धतीत या तीन कामांना तीन हत्यारे लागत: ड्रिल, टॅप आणि स्क्रू ड्रायव्हर. सेल्फ टॅपिंग स्क्रूने यातले दुसरे काम आपल्याकडे घेतले. भोक तयार मिळाले की आटे तो स्वतः पाडतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने पहिलेही काम घेतले. त्याच्या टोकालाच ड्रिलची धार असते. त्यामुळे प्रत्येक सेल्फ ड्रिलिंग स्क्रू सेल्फ टॅपिंग असतोच. प्रत्येक सेल्फ टॅपिंग स्क्रू मात्र सेल्फ ड्रिलिंग नसतो. दुकानात दोन्ही शेजारशेजारच्या डब्यांत असतात आणि नावांची सर्रास अदलाबदल होते, तरी त्यांच्या जन्मात जवळपास अर्ध्या शतकाचे अंतर आहे. ते का पडले, याचे उत्तर पोलादाच्या कठीणपणात, विजेच्या ड्रिलमध्ये आणि मळसूत्राच्या एका साध्या गणितात सापडते.

मळसूत्राची कल्पना फार प्राचीन. ग्रीक आणि रोमन काळात ऑलिव्ह आणि द्राक्षे पिळण्याच्या दाबयंत्रांत जाडजूड लाकडी मळसूत्रे वापरली जात, आणि अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने लाकडी नटात आतून आटे पाडण्याच्या साधनाचे वर्णन करून ठेवले आहे. धातूचे बारीक स्क्रू युरोपात पंधराव्या शतकात चिलखतांत आणि बंदुकांत दिसू लागले. त्यांचे आटे कारागीर कानशीने एकेक करून काढत, म्हणून स्क्रू महाग होते आणि एकासारखा दुसरा नसे. १७६० मध्ये इंग्लंडमधल्या जॉब आणि विल्यम वायट या भावांनी यंत्राने स्क्रूचे आटे कापण्याचे पेटंट घेतले आणि लाकडाचे स्क्रू स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. पण त्या स्क्रूंचे टोक बोथट असे. सुताराला आधी गिरमिटाने भोक पाडावे लागे, तेही पुरेशा खोलीचे, नाहीतर स्क्रू मध्येच अडे.

टोकदार स्क्रू १८४६ मध्ये आला. अमेरिकेत टॉमस स्लोन यांनी गिरमिटासारख्या निमुळत्या, टोकापर्यंत आटे असलेल्या लाकडी स्क्रूचे पेटंट घेतले. हा स्क्रू लाकडात स्वतःच शिरू लागला. मऊ लाकडात तर आधी भोक पाडायची गरजच उरली नाही. जॉन सटन नेटलफोल्ड या इंग्रज कारखानदाराने १८५४ मध्ये या पेटंटचे ब्रिटनपुरते हक्क विकत घेतले. रक्कम मोठी होती, म्हणून त्याने आपल्या मेहुण्याला भागीदार करून घेतले, आणि मेहुण्याच्या हिश्शाची देखरेख करायला त्याचा अठरा वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवला गेला. तो मुलगा जोसेफ चेंबरलेन. पुढे तो बर्मिंगहॅमचा महापौर आणि ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला, तो स्क्रूच्या धंद्यात मिळालेल्या पैशाच्या बळावर. १९०२ मध्ये या कंपनीचे गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स झाले. तिच्या भारतीय शाखेच्या वाटेने नेटलफोल्ड हे नाव भारतीय सुतारांच्याही ओळखीचे झाले.

लाकडाने स्क्रूला जागा करून दिली, कारण लाकडाचे तंतू बाजूला सरकतात आणि पुन्हा दाबून धरतात. धातूचे तसे नाही. लोखंडी पत्र्यात साध्या लोखंडाचा स्क्रू घुसवला, तर पत्र्याऐवजी स्क्रूचेच आटे झिजतात. आत शिरणारी वस्तू समोरच्या वस्तूपेक्षा बरीच कठीण असावी लागते, आणि सेल्फ टॅपिंग स्क्रूची सगळी गोष्ट या एका नियमावर उभी आहे. त्यातली अडचण अशी, की पूर्णपणे कठीण केलेले पोलाद ठिसूळ होते आणि पिळताना डोके तुटून हातात येते. म्हणून कमी कार्बनच्या पोलादाचा स्क्रू घडवायचा, तापवून त्याच्या फक्त वरच्या थरात कार्बन मुरवायचा आणि मग त्याला पाणी द्यायचे. वरची साल कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. केस हार्डनिंगचे हे तंत्र लोहारकामात जुने होते. रोज लाखोंनी निघणाऱ्या बारीक स्क्रूंवर ते एकसारखे करता येणे ही विसाव्या शतकातली गोष्ट.

न्यूयॉर्कच्या पार्कर-कॅलन कंपनीने १९१४ मध्ये असा स्क्रू बाजारात आणला. या शोधाचे श्रेय हेमन रोझेनबर्ग यांना दिले जाते. रूप लाकडाच्या टोकदार स्क्रूचेच होते, फक्त आटे थेट डोक्यापर्यंत गेलेले आणि अंग कठीण केलेले. पहिला मोठा ग्राहक होता हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचा धंदा. त्या काळी अमेरिकेत उंच इमारतींना गरम हवा आणि वारा पुरवण्यासाठी पातळ पत्र्याचे चौकोनी बोगदे बसवले जात. असे पत्रे जोडायला रिव्हेट मारायचा किंवा नट-बोल्ट लावायचा, तर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात पोचायला हवा. बंद नळीच्या आत हात पोचणार कसा? सेल्फ टॅपिंग स्क्रूने एका बाजूनेच काम भागवले. पत्र्याला सुंब्याने किंवा ड्रिलने भोक पाडायचे आणि स्क्रू पिळत न्यायचा. नट नाही, टॅप नाही, पलीकडे माणूस नाही. सुरुवातीला याला पत्र्याचा स्क्रूच म्हणत. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्याचा वापर पत्र्यापलीकडे गेला, तेव्हा टॅपिंग स्क्रू हे व्यापक नाव रूढ झाले. कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘पीके स्क्रू’ हे नावही चालले, विशेषतः विमानांच्या दुरुस्तीत.

एका नमुन्याचे लवकरच कुटुंब झाले. मूळचा ‘ए’ नमुना टोकदार आणि विरळ आट्यांचा. त्यानंतर आलेला ‘बी’ बोथट टोकाचा, आटे जवळजवळ असलेला आणि जाड पत्र्यासाठी योग्य. ‘ए’चे टोक आणि ‘बी’चे आटे एकत्र करून ‘एबी’ झाला. आज दुकानात मिळणारा पत्र्याचा स्क्रू बहुतेक वेळा हाच असतो. हातोडीने ठोकून बसवायचा ‘यू’ नमुनाही निघाला. यंत्रांवरच्या नावाच्या पाट्या त्याने बसवत आणि त्या पुन्हा सहज निघत नसत.

याहून महत्त्वाचा भेद आटे पाडण्याच्या पद्धतीचा आहे. काही स्क्रू धातू दाबून बाजूला सारतात. त्यातून चुरा निघत नाही, आणि दबलेला धातू आट्यांना घट्ट चिकटून राहिल्याने थरथरीनेही स्क्रू सैल होत नाही. दुसऱ्या जातीच्या स्क्रूंच्या टोकाशी एक उभी खाच असते. तिची कड टॅपसारखी धातू कापते आणि चुरा खाचेत साठतो. शिकागोच्या इलिनॉय टूल वर्क्स या उद्योगाच्या शेकप्रूफ विभागाने १९३०च्या दशकात असे कापणारे स्क्रू पुढे आणले. बीड किंवा कडक प्लास्टिक दाबले की तडकते, म्हणून तिथे कापणाराच हवा. विजेच्या उपकरणात मात्र धातूचा सुटा कण शॉर्टसर्किट करू शकतो, तिथे दाबणारा बरा. ही निवड कारखान्यातला अभियंता करतो. ग्राहकाला तिचा पत्ताही नसतो, आणि पंखा किंवा मिक्सर वर्षानुवर्षे खडखडल्याशिवाय चालतो तो बऱ्याच अंशी या निवडीमुळे.

ज्या दशकात हे स्क्रू मोटारी आणि रेडिओंच्या कारखान्यांत शिरले, त्याच दशकात डोक्याची खाचही बदलली. सरळ खाचेतून स्क्रू ड्रायव्हर घसरतो, मग वेगाने फिरणाऱ्या यंत्राची तर बातच सोडा. कॅनडात पीटर रॉबर्टसन यांनी चौकोनी खाचेचा स्क्रू १९०८च्या सुमारास काढला होता. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांची फुलीच्या आकाराची खाच १९३६ पासून मोटारउद्योगात पसरली. यंत्राचा बिट खाचेत आपोआप मध्यभागी बसू लागला, आणि स्क्रू बसवणे हे हाताचे काम न राहता यंत्राचे झाले. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला हीच पूर्वतयारी हवी होती, कारण हाताने फिरवून कोणताही स्क्रू पोलादात भोक पाडू शकत नाही.

टोकाला ड्रिल असलेला स्क्रू ही कल्पना कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात तिच्या आड मळसूत्राचे गणित येते. एका इंचात १४ आटे असलेला स्क्रू एका फेऱ्यात सुमारे १.८ मिलिमीटर पुढे जातो, जावाच लागतो, कारण आटे त्याला ओढतात. ड्रिलची धार मात्र पोलादात एका फेऱ्यात याचा अगदी लहान अंश कापते. भोक आरपार व्हायच्या आत आट्यांनी पत्रा पकडला, तर आटे टोकाला त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पट वेगाने पुढे रेटतात. मग टोक मोडते, आटे पत्र्यातून उपटतात किंवा मान तुटते. म्हणून या स्क्रूचा पहिला नियम असा: धारेपासून पहिल्या आट्यापर्यंतची लांबी जोडायच्या सगळ्या थरांच्या एकूण जाडीपेक्षा जास्त हवी. दोन थरांत फट असेल तर तीही मोजायची. स्क्रूच्या पाकिटावर टोकाचे १ ते ५ असे जे क्रमांक असतात, ते याच लांबीचे निदर्शक. २ क्रमांकाचे टोक पातळ पत्र्याला, ३ क्रमांकाचे साधारण ५ मिलिमीटरपर्यंत आणि ५ क्रमांकाचे सुमारे १२ मिलिमीटर जाड पोलादाला पुरते. ५ क्रमांकाच्या लांब टोकामागे आटेही बारीक असतात, इंचात २४, कारण जाड पोलादात एवढेच दाट आटे पेलतात.

दुसरी अट वेगाची. फार हळू फिरवले तर धार कापत नाही, नुसती घासते. फार वेगाने फिरवले तर टोक तापून लाल होते, त्याचे पाणी उतरते आणि ते मऊ पडते. जाड स्क्रूंना मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासचा वेग आणि अंगाचा स्थिर दाब लागतो. हा वेग देणारे हातात धरायचे यंत्र हळूहळू घडत गेले. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेचा हातड्रिल केला. अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरने पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळवले, आणि याच कंपनीने १९६१ मध्ये बॅटरीवर चालणारा ड्रिल आणला. ठरावीक खोलीला आपोआप थांबणारी स्क्रू-गन बांधकामावर आली, तेव्हा सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला खरा जोडीदार मिळाला.

१९६०च्या दशकात इलिनॉय टूल वर्क्सच्या बांधकाम विभागाने ‘टेक्स’ या नावाने सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बाजारात आणला. तो इतका चालला, की ऑस्ट्रेलियात आजही कोणत्याही कंपनीच्या अशा स्क्रूला टेक स्क्रू म्हणतात. टोकाला दोन छोट्या पन्हळी आणि दोन धारा, म्हणजे ट्विस्ट ड्रिलचेच आखूड रूप. ट्विस्ट ड्रिलचे पेटंट मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतले होते आणि कारखाना न्यू बेडफर्ड गावी काढला होता. त्याच गावातल्या काँटिनेंटल स्क्रू कंपनीतून १९६०च्याच दशकात ‘टॅपटाइट’ हा सेल्फ टॅपिंग स्क्रू निघाला. त्याचा छेद पूर्ण गोल नसून तीन बाजूंनी किंचित फुगीर असतो, त्यामुळे घर्षण कमी होते आणि आटे कमी जोरात दाबले जातात. एकीकडे भोक पाडणारा स्क्रू जन्मला, तर दुसरीकडे भोक न पाडणारा अधिक सुधारला. नव्याने जुन्याला हटवले, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

कठीणपणाचा फरक आजच्या मानकांतही दिसतो. आयएसओ २७०२ या मानकानुसार टॅपिंग स्क्रूचा पृष्ठभाग किमान ४५० विकर्स (कठीणपणाचे एकक) इतका कठीण असावा लागतो. ड्रिलिंग स्क्रूच्या आयएसओ १०६६६ मध्ये हाच आकडा ५३० आहे. मापे मात्र दोघांची एकच: ८ नंबर म्हणजे ४.२ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ४.८, १२ नंबर म्हणजे ५.५ आणि १४ नंबर म्हणजे ६.३. ८ नंबरच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूला मध्यम जाडीच्या पत्र्यात साधारण ३.२ मिलिमीटरचे भोक आधी पाडावे लागते. भोक मोठे झाले तर आटे धरत नाहीत, लहान झाले तर मान तुटते. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचे भोक त्याच्या टोकाच्या मापाने आपोआप ठरते, ही त्याची वेळ वाचवण्याइतकीच मोठी, पण क्वचितच सांगितली जाणारी जमेची बाजू.

या स्क्रूने सर्वांत मोठा बदल घडवला तो छपरांत. पन्हाळी पत्र्याचे पेटंट लंडनच्या गोद्यांवर काम करणाऱ्या हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले, आणि जस्ताचा मुलामा आल्यावर हा पत्रा जगभर पोचला. तो बसवायची जुनी रीत भारतात अजूनही दिसते. पत्र्याच्या उंचवट्यावर सुंब्याने भोक पाडायचे, खालच्या लोखंडी अँगलला जे-हुक अडकवायचा आणि वरून डांबरी वायसर, लोखंडी वायसर आणि नट घालून आवळायचे. एक माणूस छपरावर, दुसरा खाली शिडीवर. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू रबरी वायसरसह येतो आणि पत्रा व पर्लिन (पत्र्याखालचा आडवा आधार) दोन्ही वरूनच भेदतो; खालचा माणूस लागत नाही. कारखान्यात तयार करून जागेवर जोडायच्या पोलादी इमारती, त्यांचे पातळ झेड आकाराचे पर्लिन आणि रंगीत पत्रे या सगळ्यांचा प्रसार या स्क्रूशिवाय एवढ्या वेगाने झाला नसता.

छपराने या स्क्रूची परीक्षाही घेतली. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियाचे डार्विन शहर उद्ध्वस्त केले. विमानतळावरचा वारामापक ताशी २१७ किलोमीटर दाखवून बंद पडला. अभियंते जॉर्ज वॉकर यांच्या तपासणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली: अनेक छपरांत स्क्रू किंवा खिळे जागेवर होते, पत्रा मात्र त्यांच्या भोवती फाटून निघून गेला होता. वाऱ्याचे हेलकावे तासन्‌तास पत्र्याला वर ओढत आणि सोडत होते, आणि डोक्याभोवती पडलेल्या बारीक चिरा वाढत गेल्या. त्यानंतर डार्विनमध्ये छपराच्या नमुन्यांना दहा हजार वेळा ताण देऊन तपासण्याचा नियम झाला, आणि टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात १९७७ पासून चक्रीवादळाच्या चाचण्यांचे केंद्र उभे राहिले. चक्रीवादळाच्या पट्ट्यात स्क्रू जवळजवळ मारणे आणि डोक्याखाली मोठी, पन्हळीच्या आकाराची चकती घालणे रूढ झाले. ब्लूस्कोप या ऑस्ट्रेलियन पोलाद कंपनीची टाटा स्टीलशी २००५ मध्ये भागीदारी झाली आणि या भागीदारीतल्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आले. त्या वाटेने ऑस्ट्रेलियन छपरांचा अनुभव इथल्या बाजारातही पोचला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यात घरोघरचे पत्रे उडाले. किनाऱ्यावर छप्पर घालताना पत्र्याच्या जाडीइतकेच स्क्रूंच्या अंतराकडे आणि चकतीकडे लक्ष देणे किती निकडीचे आहे, हे त्या दिवसाने दाखवले.

समुद्राकाठी दुसरा शत्रू गंज. त्यापासून वाचवायला स्क्रूला जस्ताचा मुलामा देतात. तो विजेने देताना आम्लाचा आणि विद्युतप्रवाहाचा वापर होतो. त्या वेळी पोलादात हायड्रोजन शिरतो. जितके पोलाद कठीण तितका धोका मोठा: नीट आवळलेला स्क्रू काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हात न लावता, डोक्याखाली तुटतो. त्यामुळे मुलाम्यानंतर स्क्रू भट्टीत तापवून हायड्रोजन घालवतात, किंवा विजेशिवायचा मुलामा देतात. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू सहजासहजी गंजत नाही, पण ३०४ जातीचे स्टेनलेस पाणी देऊन कठीण होत नाही आणि त्याच्या टोकाला पोलाद कापता येत नाही. यावर उपाय म्हणून द्विधातू स्क्रू निघाला: अंग आणि डोके स्टेनलेसचे, टोक कठीण कार्बन पोलादाचे, दोन्ही वेल्डिंगने जोडलेले. टोक काम संपवून पर्लिनच्या पलीकडे गेल्यावर ते गंजले तरी जोडाला धक्का लागत नाही. ड्रिलिंगचा लोखंडी चुरा मात्र छपरावर राहिला तर पहिल्याच पावसात रंगीत पत्र्यावर तांबडे डाग उमटतात; चांगला फॅब्रिकेटर संध्याकाळी छप्पर झाडून घेतल्याशिवाय खाली उतरत नाही.

लाकूड किंवा प्लायवूड पोलादावर बसवताना आणखी एक पेच येतो. आटे आधी लाकडाला धरतात आणि फळी पोलादावरून वर उचलली जाते. त्यासाठी टोकाच्या वर दोन छोटे पंख असलेला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आहे. पंख लाकडातले भोक आट्यांपेक्षा मोठे करतात आणि पोलादाला टेकताच तुटून पडतात. जिप्सम बोर्डाच्या भिंतींतही दोन्ही जाती शेजारी नांदतात: पातळ पत्र्याच्या पट्टीत टोकदार सेल्फ टॅपिंग स्क्रू सहज शिरतो, पट्टी जाड झाली की ड्रिलचे टोक हवे.

प्लास्टिकमध्ये सेल्फ टॅपिंग स्क्रूचेच राज्य आहे. तिथे भोक साच्यातच तयार होते, त्यामुळे ड्रिलच्या टोकाला कामच नसते. धातूच्या टॅपिंग स्क्रूच्या आट्यांचा कोन ६० अंश असतो. प्लास्टिकसाठी जर्मनीच्या एयोट कंपनीने ३० अंशांचे सडपातळ आटे काढले, जे प्लास्टिकला बाहेरच्या बाजूला कमी ढकलतात आणि स्क्रू धरणाऱ्या नळकांड्याला तडा जाऊ देत नाहीत. उपकरण दुरुस्तीसाठी उघडून पुन्हा बंद करताना स्क्रू आधी हलक्या हाताने उलटा फिरवतात. तो जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की किंचित खाली बसल्याचे हाताला जाणवते. तिथून सुलटा पिळला तर तो जुन्याच वाटेने जातो. हे न करता दरवेळी नवे आटे पाडले, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला भोक सैल होते आणि मग पुढच्या नंबरचा स्क्रू घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही.